रोमन आकडा वाचताना



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर गणित शिकवत राहिले. तेव्हा इथे उभं राहून गणिताबद्दलच बोलायचं, एवढं मी आधीच ठरवलं होतं. विषय कळवला तेव्हा संयोजकांनी जरा थांबून विचारलं, "रोमन आकडे? ते पाचवीला असतात ना?" असतात. बालभारतीच्या पाचवीच्या गणिताच्या पुस्तकाची सुरुवातच रोमन संख्याचिन्हांनी होत आली आहे. आय म्हणजे १, व्ही म्हणजे ५, एक्स म्हणजे १०. लहान चिन्ह मोठ्याच्या उजवीकडे आलं तर मिळवायचं, डावीकडे आलं तर वजा करायचं, आणि तेच चिन्ह लागोपाठ तीनपेक्षा जास्त वेळा लिहायचं नाही. पुढे एल ५०, सी १००, डी ५०० आणि एम १००० ही चिन्हं कळली की विषय संपला, असं आपण धरून चालतो. माझं आजचं म्हणणं असं आहे की, हा नियम ज्या रोमन लोकांच्या नावावर आपण शिकवतो, त्यांनी स्वतः तो धडपणे कधी पाळलाच नाही. आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही.

सुरुवात घराजवळून करू. गेटवे ऑफ इंडियापुढे उभं राहून फोटो काढला नाही असा मुंबईकर विरळा, आणि कमानीच्या माथ्यावरचा मजकूर पूर्ण वाचला आहे असाही विरळाच. राजे जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर रोजी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरले, त्याचं हे स्मारक, असा तो इंग्रजी मजकूर आहे. त्यात दोन रोमन आकडे आहेत. एक जॉर्ज या नावापुढचा व्ही आणि दुसरा वर्षाचा, एम-सी-एम-एक्स-आय. वर्ष उलगडणं सोपं आहे. एमचे हजार झाले, मग सी-एम म्हणजे हजाराला शंभर कमी, म्हणजे नऊशे, आणि एक्स-आय म्हणजे अकरा. १९११. पाचवीच्या मुलाला सी आणि एम सांगितलं की तोही हे करेल.

पण इथेच दोन ठिकाणी पाय घसरतो. नावापुढच्या व्हीचं रूपांतर पाच असं करून भागत नाही. तो पाचवा. आपल्याकडच्या जुन्या वर्तमानपत्रांनी त्याला पंचम जॉर्ज केलं ते चोख होतं. रोमन चिन्ह नुसतं मोल सांगतं; पाच म्हणायचं की पाचवा, हे आजूबाजूचा मजकूर बघून आपण ठरवायचं असतं. दुसरी गोष्ट वर्षाची. १९११ वाचून अनेक जण ही कमान १९११ साली बांधली असं बिनदिक्कत सांगतात. राजा बोटीतून उतरला तेव्हा तिथे ही दगडी कमान नव्हतीच. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार काम पुरं होऊन ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी तिचं उद्घाटन केलं. म्हणजे आकडा अगदी बरोबर सोडवला आणि उत्तर तेरा वर्षांनी चुकलं!

आता लंडनला जाऊ. ट्रफल्गार चौकाजवळ अ‍ॅडमिरल्टी आर्च नावाची भलीमोठी कमान आहे. व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ बांधलेली. तिच्यावर लॅटिन मजकुरात वर्ष कोरलंय: एम, डी, मग चार वेळा सी, आणि शेवटी एक्स. हजार, पाचशे, चारशे, दहा. १९१०. म्हणजे मुंबईच्या कमानीवरच्या वर्षाच्या आदलंच वर्ष. साम्राज्य तेच, राजघराणं तेच. पण मुंबईत नऊशे लिहिताना सी-एम आणि लंडनमध्ये डी आणि चार सी. पाचवीच्या पुस्तकाच्या हिशेबाने लंडनची कमान नापास. लंडनच्या कारागिराला नियम ठाऊक नव्हता असं म्हणवत नाही. त्याने जुन्या रोमन शिलालेखांचा थाट उचलला, आणि जुन्या रोमन शिलालेखांत चार सी लागोपाठ येणं अगदी नेहमीचं आहे.

रोममध्येच बघायचं तर कोलोसियमसारखा साक्षीदार नाही. इसवी सन ८० मध्ये सुरू झालेल्या या प्रचंड रंगमंडळाला भोवताली ऐंशी कमानी होत्या आणि त्यांतल्या शहात्तर कमानींवर क्रमांक कोरले होते. प्रेक्षकाने आपल्या क्रमांकाच्या दरवाजाने आत शिरायचं. भूकंपांत आणि दगड पळवणाऱ्यांच्या हातून जे वाचलं, त्यात २३ ते ५४ हे क्रमांक अजून दिसतात. त्यातला ४४ नंबरचा दरवाजा बघा. त्यावर एक्स-एल आणि पुढे चार आय आहेत. चाळीस लिहिताना वजाबाकी केली आहे आणि लगेच पुढचे चार लिहिताना बेरीज! एकाच आकड्यात दोन्ही तऱ्हा. पन्नास हजारांच्या आसपास माणसं या दारांमधून आत-बाहेर करत असत आणि त्यात कुणाला हे खटकलं असेल, असं मला वाटत नाही.

रोमन आकड्यांच्या घड्याळावर चाराच्या जागी बहुतेक वेळा चार आय असतात आणि नवाच्या जागी आय-एक्स. याची गमतीदार कारणं लोक सांगतात, कुण्या राजाने घड्याळजीला दटावलं वगैरे. तुम्ही ती ऐकली असतील, सोडून देऊ. चार आय ही चूक नव्हती, ती जुनी चालू रीत होती, एवढं कारण पुरेसं आहे. लंडनच्या बिग बेनवर आय-व्ही आहे, तो अपवाद.

मी आता फळ्यावर एक आकडा लिहितो. एक्स, आय, आय, एक्स. वाचा मोठ्याने. कुणी बावीस म्हणतंय, कुणी वीस. एक जण "असा आकडाच नसतो" म्हणाले. तो असतो. जर्मनीत क्सान्टेन गावी एक कोरीव दगड सापडला, तो आज बॉनच्या संग्रहालयात आहे. मार्कुस काएलियुस नावाच्या रोमन सेनाधिकाऱ्याचं ते स्मारक. इसवी सन ९ मध्ये ट्यूटोबुर्गच्या जंगलात वारुस या सेनापतीच्या तीन पलटणी जर्मानिक टोळ्यांनी कापून काढल्या, त्यात हा पडला. त्याच्या भावाने हा दगड उभा केला. दगडावर त्याच्या पलटणीचा क्रमांक असाच आहे, एक्स-आय-आय-एक्स. पलटण होती अठरावी. दहा, आणि मग दहाला दोन कमी, म्हणजे आठ. दहा आणि आठ अठरा. लॅटिन बोलताना अठराला 'विसाला दोन कमी' असंच म्हणत, त्यामुळे हे लिहिणाऱ्याला ते विचित्र वाटलं नसणार. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस म्हणणाऱ्या आपल्याला तर वाटायचं काहीच कारण नाही. त्याच दगडावर त्याचं वय आहे: एल, तीन आय आणि एक एस. साडेत्रेपन्न. तो एस म्हणजे अर्धा. रोमन लोक अपूर्णांक बाराव्या हिश्श्यांत मोजत आणि अर्ध्याला त्यांनी हे अक्षर दिलं होतं. शाळेतल्या सात अक्षरांत हे आठवं कुठेच नाही.

आता कामाची गोष्ट. असा कुठलाही आकडा समोर आला तर वाचायचा कसा? शाळेतला नियम शेजाऱ्याशी तुलना करायला सांगतो: चिन्ह उजवीकडच्या शेजाऱ्यापेक्षा लहान असेल तर वजा, नाहीतर मिळवा. या पलटणीच्या आकड्यावर तो लावून बघा. उजवीकडून सुरू करू. एक्स, दहा. त्याच्या डावीकडचा आय दहापेक्षा लहान, वजा, नऊ झाले. पुढच्या आयचा शेजारी आयच आहे, लहान नाही, म्हणून मिळवला, पुन्हा दहा. शेवटी एक्स, वीस. चुकलं. आता नियमात फक्त एक बदल करा. शेजाऱ्याशी तुलना करू नका. उजवीकडून येताना आतापर्यंत भेटलेल्या सर्वांत मोठ्या चिन्हाशी करा. एक्स, दहा. आय दहापेक्षा लहान, वजा, नऊ. दुसरा आयसुद्धा दहापेक्षा लहानच, वजा, आठ. मग एक्स, तो लहान नाही, मिळवा, अठरा. जमलं.

याच रीतीने कोलोसियमचा दरवाजा घ्या. उजवीकडून चार आय, चार. एल आला, चोपन्न. एक्स हा एलपेक्षा लहान, वजा, चव्वेचाळीस. लंडनची कमान: दहा, चार सी मिळून चारशे दहा, डीसह नऊशे दहा, एमसह १९१०. मुंबईची कमान: आय एक, एक्स अकरा, एम एक हजार अकरा, सी वजा म्हणून नऊशे अकरा, एम १९११. कुणी हौसेने १९९९ हे एम-आय-एम असं लिहिलं, आणि असं लिहिणारे भेटतात, तर पुस्तक त्याला चूक म्हणेल. आपली रीत ते गुमान वाचेल: हजार, नऊशे नव्याण्णव, १९९९. पुस्तकातला नियम आकडा कसा लिहावा ते सांगतो; दगडावरचा आकडा कसा वाचावा, हा निराळा प्रश्न आहे. आपण मुलांना पहिला शिकवतो आणि दुसरा आपोआप आला असं गृहीत धरतो.

अर्थात या रीतीलाही भिंत लागते. मध्ययुगीन फ्रान्सच्या हिशेबवह्यांत ऐंशी लिहिताना चार आय आणि त्यांच्या डोक्यावर लहानसे दोन एक्स असे लिहिलेले सापडतात. उजवीकडून वाचत गेलात तर उत्तर येईल सोळा. तिथे बेरीजही नाही आणि वजाबाकीही नाही, चार विसा आहेत, गुणाकार आहे. फ्रेंच अजूनही ऐंशीला चार विसाच म्हणतात. पॅरिसमध्ये नवव्या लुईने तेराव्या शतकात तीनशे अंधांसाठी एक आश्रम काढला, त्याचं नावच 'पंधरा विसा' आहे, आणि त्या नावाचं डोळ्यांचं इस्पितळ आजही चालू आहे. विसांच्या हिशेबाने आंबे, नारळ, अंडी मोजलेल्या आपल्या आजीला हा आकडा पहिल्या नजरेत कळला असता.

गुणाकाराचा हा विषय निघाला की मला जुन्नर आठवतं. जुन्नरकडून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या तोंडाशी जी लेणी आहे, तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा मोठा ब्राह्मी लेख आहे. इसवी सनापूर्वीचा. यज्ञांच्या दक्षिणेची ती यादी. इतक्या गायी, इतके हत्ती, इतके कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात त्यातल्या आकड्यांचा अभ्यास केला, तेव्हापासून भारतीय अंकांच्या इतिहासात नाणेघाटाला टाळून कुणाला पुढे जाता आलेलं नाही. या लेखातली सर्वांत मोठी रक्कम २४,४०० कार्षापणांची आहे. ती आज आपण पाच अंकांत लिहितो. नागनिकेच्या लेखनिकाने तशी लिहिली नाही. दहाला वेगळं चिन्ह, विसाला वेगळं, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडलं की चारशे. हजारांचंही तसंच. मग ते तुकडे एकापुढे एक मांडून बेरीज करायची.

हे सांगताना सभागृहात थोडी चुळबुळ होते, असा माझा अनुभव आहे. आपण शून्याच्या देशातले, आपल्या पूर्वजांनीसुद्धा रोमन लोकांसारखीच चिन्हं एकापुढे एक मांडावीत? मांडली. नाशिकच्या पांडवलेणीत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात आपल्या देणग्या नोंदवतो. तिथेही तीच तऱ्हा. सत्तर हजार कार्षापण, म्हणजे दोन हजार सुवर्ण, एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण या भावाने, असा रोखठोक हिशेब त्यात आहे. पस्तीस गुणिले दोन हजार करून बघा, एका पैचाही फरक नाही. स्थानिक किमतीची अंकपद्धती नसताना माणसं इतका चोख व्यवहार करत होती. आपल्या अंकांचा अभिमान जरूर बाळगावा, पण ते पहिल्या दिवसापासून आपल्याजवळ होते असं समजू नये. नाणेघाटाचा लेखनिक आणि रोमचा पाथरवट त्या काळात एकाच इयत्तेत होते. उलट गुणाकार जोडाक्षरात बसवून आपल्या लेखनिकाने जागा बरीच वाचवली.

मग लोक म्हणतात, रोमन आकड्यांत शून्य नव्हतं म्हणून ती पद्धत मागे पडली. याच्याशी मी अर्धाच सहमत आहे. एक हजार दहा लिहायला रोमन माणसाला फक्त एम आणि एक्स पुरतात. शतकाच्या जागी काही नाही हे दाखवायची त्याला गरजच नाही, कारण त्याच्या लिखाणात शतकाला जागाच नाही. 'काही नाही' ही कल्पना त्या लोकांना सुचली नव्हती असंही नाही. इसवी सन ५२५ मध्ये ईस्टरच्या तारखांचं कोष्टक करताना डायोनिसियस या भिक्षूने बाकी काहीच उरत नाही तिथे अंकाऐवजी 'काही नाही' या अर्थाचा लॅटिन शब्द लिहिला. कमी होती ती जागेची.

आणि गंमत अशी की, ही जागा त्यांच्या हातात होती, फक्त लेखणीत नव्हती. रोमन हिशेबनीस गणित लिहून करत नसत. ते मणिपाटीवर करत. धातूच्या छोट्या पाटीत उभ्या खाचा; पूर्णांकांच्या प्रत्येक खाचेवर चिन्ह, एक, दहा, शंभर, हजार असं चढत गेलेलं. अशा प्रत्येक खाचेच्या खालच्या भागात चार मणी, वरच्या भागात एक. वरचा मणी पाचाचा. आज पुण्या-ठाण्याच्या गल्लीगल्लीत अबॅकसचे क्लास चालतात, तिथल्या मुलांना ही पाटी दिली तर ती पाच मिनिटांत हिशेब सुरू करतील. एककाच्या खाचेत वरचा एक आणि खालचे तीन मणी सरकवले की आठ झाले. आता हे कागदावर उतरवा: व्ही आणि तीन आय. चार मणी सरकवले तर चार आय. रोमन आकडा म्हणजे मणिपाटीचा जागच्या जागी काढलेला नकाशा आहे. त्यामुळे चार आय हे त्यांना सहज होतं. आय-व्ही लिहायला पाटीवर नसलेली वजाबाकी मनात करावी लागते. रिकामी खाच हेच त्यांचं शून्य. पाटीवर दशमान होतं, स्थान होतं, रिकामी जागाही होती. ते सगळं कागदावर आणायला चिन्हं भारतातून अरबांमार्फत यावी लागली.

ती आलीही, पण सहजासहजी स्वीकारली गेली नाहीत. पिसाच्या फिबोनाचीने १२०२ साली आपल्या ग्रंथात भारतीयांची नऊ चिन्हं आणि दहावं शून्य व्यापाऱ्यांना समजावून सांगितलं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १२९९ साली, फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने वह्यांत हे नवे अंक लिहायला बंदी घातली आणि रक्कम शब्दांत लिहा असा दंडक केला. ही अडाणी माणसं नव्हती. नव्या अंकात एखाद्या शून्याला शेपूट काढलं तर रक्कम बदलते, हे कोणत्याही सराफाला पहिल्या दिवशी कळेल. आजही चेकवर आपण रक्कम आधी अक्षरी लिहितो आणि पुढे 'मात्र' लावतो. फ्लॉरेन्सच्या सराफाला ते बघून बरं वाटलं असतं.

आज रोमन आकडे उरलेत ते मानापुरते. राजांच्या आणि पोपांच्या नावांपुढे, पुस्तकाच्या प्रस्तावनेच्या पानांवर, कायद्यांच्या भागांवर, घड्याळांवर. रसायनशास्त्राच्या पुस्तकात लोहाची ऑक्सिडीकरण अवस्था दाखवायला ते कंसात बसतात, तिथे मात्र ते खरोखर काम करतात. अमेरिकेतली फुटबॉलची मोठी स्पर्धा दरवर्षी रोमन क्रमांक मिरवते. पन्नासावी आली तेव्हा, २०१६ साली, नुसता एकटा एल बरा दिसेना म्हणून त्यांनी साधा ५० लावला आणि पुढच्या वर्षी पुन्हा रोमनवर आले. मिरवायचंच असेल तर १८८८ हे वर्ष घ्यावं. पुस्तकाच्या नियमाने तेरा अक्षरं लागतात. आजवरच्या कुठल्याही वर्षाला एवढी लागलेली नाहीत.

माझी इथे बसलेल्या शिक्षकांना विनंती आहे. मूल पाचवीच्या पेपरात चाराच्या जागी चार आय लिहून आलं, तर गुण कापावे लागतील हे मला कळतं. पेपर पुस्तकानुसार तपासायचा असतो. पण नुसती फुली मारून वही परत देऊ नका. कोलोसियमच्या ४४ नंबरच्या दरवाजाचा फोटो त्याला दाखवा, 'तू जुनी रीत लिहिलीस, पुस्तकात नवी आहे' असं सांगा, आणि शेजारी आय-व्ही लिहायला लावा. शक्य असेल तर पावसाळा संपल्यावर वर्ग नाणेघाटात न्या आणि भिंतीवरचे आकडे बघायला लावा. अक्षरं झिजली आहेत, म्हणून आधी पुस्तकातला ठसा वर्गात दाखवून मगच न्या, आणि कुणाचाही हात लेखाला लागू देऊ नका.